मढच्या देशाचं नागरिकशास्त्र

मी मारकुटा मास्तर होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. शाळा आता बंद पडली, तिथे टॉवरचा पाया खणलाय. माझ्याकडे शिसवी लाकडाचा दीड फुटी रूळ होता, ओळखीच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला. तळहातावर मारायचो, बोटांच्या पेरांवर मारायचो, कोणी हात मागे घेतला तर पोटरीवर. एकदा एका पोराची बोटं इतकी सुजली की त्याला दोन दिवस पेन्सिल धरता आली नाही. एकाने वर्गातच चड्डी ओली केली. पालक तक्रार करायचे नाहीत. उलट येऊन सांगायचे, सर, चामडी लोळवा त्याची, पण पास करा. मला ते प्रशस्तिपत्रक वाटायचं.

माझ्या बापाने माझ्यावर कधी हात उगारला नाही. तो जालन्याकडून आलेला, रेल्वेत गँगमन होता. डोंगरउतारावरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत तो मला रोज संध्याकाळी पुस्तकाच्या पहिल्या पानावरची संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचायला लावायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण ते पान ऐकताना तो मांडी घालून ताठ बसायचा, कोणी मोठं माणूस घरी आल्यासारखा. तेच पान मी पुढे सातवीच्या पोरांकडून पाठ करून घेतलं आणि जिथे अडखळलं तिथे मारलं. बापाला हे कधी कळलं नाही. तो लवकर गेला.

निवृत्तीनंतर आम्ही नाहूरला राहायला आलो. मी आणि बायको, दोघंच. ती बालवाडीत शिकवायची. एके दिवशी सकाळी एक माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का?" मी ओळखलं नव्हतं. चाळिशीचा, अंगाने भरलेला, मनगटात जाड कडं. त्याने वर्ष सांगितलं, तुकडी सांगितली, मागून दुसऱ्या बाकावर बसायचो म्हणाला. मी मान डोलावली. अशा वेळी मास्तर लोक नेहमी मान डोलावतात.

त्याचा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गाळा होता. बाटल्यांच्या झाकणांचे साचे बनवायचा. धंदा चांगला चालला होता. त्यातून त्याने मालाडपलीकडे समुद्रकाठच्या मढला कोळीवाड्याच्या मागे एक जुनं घर घेतलं होतं, मोठं आवार असलेलं, आणि ते तो शूटिंगला भाड्याने द्यायचा. आणि त्या घराला, आवाराच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्याने स्वतंत्र देश जाहीर केलं होतं.

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने पिशवीतून पासपोर्ट काढला, निळ्या पुठ्ठ्याचा, आत फोटो आणि शिक्का. झेंडा दाखवला, फोनवर वेबसाइट दाखवली. याला मायक्रोनेशन म्हणतात, म्हणाला, जगात अशी बरीच आहेत, कोणी मान्यता देत नाही, पण कोणी अडवतही नाही. कर मी भारताचेच भरतो सर, मतदानही करतो, हा प्रयोग आहे. साठेक नागरिक झाले होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, सगळीकडचे. त्याचं स्वतःचं पद होतं 'प्रथम नागरिक'. आता चौदा नवे येत होते आणि त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी नागरिकशास्त्राचा एक अभ्यासक्रम आखून हवा होता.

"तुमच्यासारखा, सर. शिस्तीचा," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही वाटतं. तुम्ही त्या बाजूने बोललात की मान वळवत होता." माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी कामाला लागलो. रोज सकाळी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसायचो. आठ तास ठरवले. पहिल्यांदा नागरिक म्हणजे कोण, आणि तो प्रजा का नाही. मग हक्क. मग कायदा कोण करतं आणि तो बदलता कसा येतो. एक तास मी फक्त तक्रारीला ठेवला होता, म्हणजे सरकार चुकलं तर कुठे जायचं आणि काय लिहायचं. खऱ्या शाळेत या धड्याला कधी वेळच मिळत नसे, परीक्षेला येत नाही म्हणून. मला त्या तासाचा अभिमान वाटत होता. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली चांगला आहे, आणि भाजी निवडत राहिली.

मग त्याने मला त्यांची घटना पाठवली. अकरा पानं. पहिली दोन झेंडा, मुद्रा आणि पदं यांवर. हक्कांवर अर्धं पान. उरलेल्यात शिक्षा. उशिरा आल्यास आवाराला दहा फेऱ्या. सभेत मध्येच बोलल्यास उभं राहणं. कलम नऊ होतं अवमानाचं, त्याला तळहातावर पाच छड्या.

याबद्दल बोलायला मी मरोळला गेलो. गाळ्यात मशीनचा आवाज, तापलेल्या प्लास्टिकचा वास. ऑफिस म्हणजे वरचा पोटमाळा, काचेची खिडकी खाली कारखान्यावर उघडणारी. त्याने चहा मागवला. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो आणि म्हटलं, हे कलम नऊ काढ, माणसांना मारायची शिक्षा कुठल्याच शहाण्या देशात नसते.

तो हसला. "सर, हे तुमचंच आहे."

तो अगदी मायेने सांगत होता. सातवीत असताना उद्देशिका म्हणायला मी त्याला उभं केलं होतं. तो 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या शब्दांपाशी अडला. मी चालत गेलो आणि उघड्या हाताने कानाखाली मारली. नाकातून रक्त आलं, वर्ग हसला, आणि त्यानंतर त्या कानात आठवडाभर शिट्टी वाजत राहिली. मग ती थांबली आणि बाकीचंही थांबलं. घरी त्याने बॉल लागला असं सांगितलं.

"पण राग नाही सर. तुम्ही मारलंत म्हणून माणूस झालो. नाहीतर आमच्या चाळीतली बाकीची पोरं बघा, वाट लागली सगळ्यांची."

हे ऐकून मी काय करायला हवं होतं ते आज मला माहीत आहे. त्या वेळी मी म्हणालो की तेव्हा तसाच जमाना होता. खरंच, एवढंच म्हणालो.

तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. मी खिडकीतून पाहिलं. त्याचा सुपरवायझर, पन्नाशीला आलेला, पैलवानासारख्या मानेचा माणूस, हाच देशाचा संरक्षणमंत्री होता. एका कामगाराने साचा उलटा बसवला होता. सुपरवायझरने त्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड मशीनच्या तापलेल्या पट्टीजवळ नेलं, वीतभर अंतरावर, आणि तसंच धरून ठेवलं. कामगाराचे हात हवेत फडफडत होते. कशाला धरावं ते त्याला कळत नव्हतं, कारण धरण्यासारखं जे होतं ते सगळं गरम होतं. मग सुपरवायझरने त्याला सोडलं, वर ढुंगणावर लाथ घातली. तो खाली पडला, उठला आणि पुन्हा साच्याकडे गेला.

प्रथम नागरिकाने मान वळवूनही पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि कपातला उरलेला चहा प्यायलो.

कलम नऊवर आमचं असं ठरलं की ते कागदावर राहील, पण वापरायचं नाही. मी स्वतःला समजावलं की वर्ग माझ्या हातात आहे ना, मग झालं.

वर्ग रविवारी होता, मढच्या घरी. वेसाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. काठावर बोंबील वाळत घातले होते. घराचा मधला मोठा हॉल एका मालिकेवाल्यांनी काही महिने भाड्याने घेतला होता, कोर्टाच्या दृश्यांसाठी. ते गेले आणि सेट तसाच सोडून गेले. न्यायाधीशाचा उंच कट्टा, प्लायवूडचे दोन पिंजरे पॉलिश मारून सागवानी केलेले, बाक, भिंतीला खोटी कपाटं. देशाची संसद, न्यायालय आणि शाळा, सगळं त्याच हॉलमध्ये भरायचं. कोपऱ्यात दिव्यांचे लोखंडी स्टँड तसेच उभे होते.

चौदा नवे नागरिक बाकांवर बसले. जुने तीसेक भिंतीला टेकून उभे. पुढच्या बाकावर एक निवृत्त नर्स होती, महानगरपालिकेच्या दवाखान्यात नोकरी केलेली, मूळची मालवणची. तिची इमारत पुनर्बांधणीला गेली होती. सहा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलत होती, म्हणून कुठेतरी आपलं नाव पक्कं लिहिलं जावं असं तिला वाटलं, असं तिने ओळख करून देताना सांगितलं. तिच्यामागे मुलुंडच्या एका पतपेढीतला क्लार्क होता, पस्तिशीचा, सतत काहीतरी विनोद करणारा. तो गंमत म्हणून आला होता. पासपोर्ट मिळणार म्हणून त्याने नवा शर्ट घातला होता.

पहिला तास छान झाला. मी फळ्यावर फार काही लिहिलं नाही, विचारत गेलो. लोक बोलायला लागले. कोणी नळाच्या पाण्याचं सांगितलं, कोणी सोसायटीच्या सेक्रेटरीचं. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मग नर्सने हात वर केला आणि विचारलं, यातून बाहेर पडायचं असेल तर काय करायचं? घटनेत तसं काही नव्हतं. मी म्हणालो, हा प्रश्न चांगला आहे. जिथून बाहेर पडता येत नाही त्याला देश म्हणत नाहीत, तुरुंग म्हणतात, तेव्हा हे कलम आपण घालून घेऊ.

भिंतीजवळचे लोक एकमेकांकडे पाहायला लागले. प्रथम नागरिक कट्ट्यावर बसला होता. त्याने मला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. जेवणाच्या वेळी, ताटात भात कालवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी जायचं कसं ते शिकवलंत. यायचं कसं ते राहिलं."

जेवणानंतर शपथ होती. तो एकेक वाक्य सांगायचा आणि नव्यांनी मागून म्हणायचं. 'प्रथम नागरिकाच्या आज्ञेत राहीन' हे वाक्य आलं आणि क्लार्क हसला. खोडीने नव्हे, आवरलंच नाही त्याला. तोंडावर हात धरला तरी हसू फुटलं. दोघं-तिघं आणखी हसली.

प्रथम नागरिक कट्ट्यावरून उतरला. शांतपणे म्हणाला, कलम नऊ.

सगळे पुन्हा हसले. क्लार्कला हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. तो स्वतःहून पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, कठड्यावरून हात पुढे केला आणि शाळेतल्या पोरासारखा चेहरा करून म्हणाला, "सर, हळू हां." लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रथम नागरिकाने कपाटातून रूळ काढला. शिसवी, दीड फुटी. माझा नव्हता, पण त्याने आठवणीने तसाच करून घेतला होता. तो त्याने माझ्यासमोर धरला.

"सर, तुम्ही."

मी नको म्हणू शकलो असतो. दार उघडं होतं, परतीची बोट अर्ध्या तासाने होती, माझं वय त्रेसष्ट होतं, मला कोणाची भीती नव्हती. मी रूळ घेतला. मनात म्हटलं, मी हळू मारीन आणि संपवीन, तोच मारायला लागला तर जोरात मारेल. असं मी मनात म्हटलं.

पहिली खरंच हळू मारली. दुसरीही. क्लार्क "आई गं" असं नाटकी ओरडला आणि सगळे हसले. मग माझ्या हाताला काहीतरी आठवलं. हात खांद्यापासून उचलला गेला, मनगट शेवटी वळलं, आणि तिसरी बोटांच्या पेरांवर बसली. तो आवाज मला ओळखीचा होता. क्लार्कचं तोंड उघडं राहिलं. त्याने हात ओढून घेतला, आणि त्याने हात ओढला म्हणून मला राग आला. चौथी मी त्याच्या खांद्यावर मारली.

त्याने रूळ हिसकावला आणि माझ्या तोंडावर मारला. माझा चष्मा फुटला, भुवईवर फाटलं, डोळ्यात रक्त उतरलं. मी मागच्या बाकावर पडलो. त्यानंतरचं मी एका डोळ्याने पाहिलं.

संरक्षणमंत्र्याने दिव्याच्या स्टँडचा पाइप उपसला. पहिला घाव क्लार्कच्या पाठीवर बसला आणि तो पिंजऱ्याच्या कठड्यावर आदळला. प्लायवूड मोडलं. दुसरा तोंडावर आला. गालाचं हाड मोडल्याचा आवाज मी सात-आठ फुटांवरून ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. क्लार्क खाली पडला आणि त्याने हातांनी डोकं झाकलं, मग पाइप हातांवर पडायला लागला. नव्या शर्टाची पाठ आधी काळी झाली आणि मग चमकायला लागली. आणि प्रथम नागरिक मोजत होता. मोठ्याने, एका सुरात. माझ्या चार धरून त्याने पुढे पाच म्हटलं. पाच झाले तरी थांबला नाही, सहा, सात म्हणत राहिला. कलमात पाचच होत्या.

पंचेचाळीस माणसं होती हॉलमध्ये. चार-पाच बाहेर पळाली. बाकीची उभी होती, काहींच्या हातात फोन. कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही. मी बाकाखाली चष्मा शोधत होतो.

नर्स उठली. साठीची, जेमतेम पाच फुटांची बाई. ती सरळ चालत गेली आणि क्लार्कच्या अंगावर आडवी पडली. पाइप तिच्या खांद्यावर पडला. ती ओरडली नाही. मान वर करून संरक्षणमंत्र्याला म्हणाली, "आता माका मार. मार."

तो थांबला. पाइप हातात तसाच. त्याने प्रथम नागरिकाकडे पाहिलं आणि मोजणी थांबली.

पुढची दहा मिनिटं त्या हॉलमध्ये तिचंच राज्य होतं. "सर, हयसर येवा, तेची मान धरा, हलवू नका," असं तिने मला सांगितलं तेव्हा मी रांगत गेलो. क्लार्कच्या तोंडात रक्त आणि दातांचे तुकडे होते, ते तिने बोटांनी काढले. झेंडा खाली उतरवायला लावला आणि त्याची घडी करून गालाला दाबली. तिचा स्वतःचा डावा हात लोंबकळत होता. ॲम्ब्युलन्सला मढपर्यंत यायला वेळ लागणार, म्हणून एकाच्या गाडीत मागच्या सीटवर त्याला आडवं घातलं आणि मालवणीच्या वस्तीतून मालाडच्या हॉस्पिटलात नेलं. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो घशातून आवाज काढायचा. मी त्याला काहीतरी म्हणत होतो. काय म्हणत होतो ते आठवत नाही.

पोलीस हॉस्पिटलातच आले. व्हिडिओ तीन जणांनी काढले होते, पण तिन्ही पाइपपासून सुरू होत होते. लोकांनी गंमत संपल्यावर फोन काढले होते. प्रथम नागरिक आणि त्याचा सुपरवायझर, दोघांनीही माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नर्सला खांद्यासाठी आत घेतलं होतं. माझ्या भुवईला पाच टाके होते, शर्ट रक्ताने भरलेला, म्हणून इन्स्पेक्टर माझ्याशी अदबीने बोलला. मास्तर, म्हणाला, तुम्ही साक्षीदार, जखमी साक्षीदार, घरी जाऊन पडा.

मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, चौथ्या छडीसकट. तिने माझ्या टाक्यांवरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "बालवाडीत माझ्याकडे यायची ना पोरं, त्यांचे मोठे भाऊ तुमच्या वर्गात असायचे. मला सगळं कळायचं." एवढं बोलून ती आत गेली. तिला तीस वर्षं माहीत होतं आणि तिने मला कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पोलीस स्टेशनला गेलो आणि पुरवणी जबाब लिहून घ्या म्हणालो. हवालदाराला ते आवडलं नाही. काका, म्हणाला, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, कोणी नाव घेतलेलं नाही तुमचं. मी म्हणालो, लिहा. चार छड्या, दोन हळू, दोन जोरात. त्याने लिहिलं, मी सही केली, आणि साक्षीदाराचा आरोपी झालो. तिसऱ्या क्रमांकाचा.

क्लार्कच्या जबड्यात प्लेट घातली, मनगटाची दोन ऑपरेशनं झाली. दोन महिन्यांनी मी मुलुंडला त्याच्या घरी गेलो. आईने दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर तिने दार लावायला घेतलं, पण आतून त्याने येऊ दे म्हटलं. तो खुर्चीत बसला होता, उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. शब्द जाड यायचे. मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, "सर, तो पाइपवाला मला आठवतच नाही. तुम्ही आठवता. पहिल्या दोन मला गंमत वाटल्या. तिसरीला तुमचं तोंड बघितलं, तुम्हाला मजा येत होती."

मी नाही म्हणालो नाही.

खटला बोरिवलीच्या कोर्टात आला. माझ्या वकिलाने माझं प्रकरण वेगळं काढून घेतलं, कारण मला गुन्हा कबूल करायचा होता आणि बाकी दोघांना नव्हता. कबुली दिली त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये प्रथम नागरिक भेटला. जामिनावर होता. मढचं घर त्याने विकायला काढलं होतं, वेबसाइट बंद केली होती. तो पुन्हा पाया पडायला वाकला, मी त्याला धरलं.

"सर, कबूल कशाला केलंत? आम्ही तुमचं नाव घेतलंच नसतं."

"मारलं होतं म्हणून," मी म्हणालो. मग मरोळला जे बोललो नव्हतो ते बोललो. "तू कारागीर झालास तो तुझा तू झालास. त्यात माझ्या माराचं काही नाही. मी फक्त तुझा कान घालवला."

मला वाटलं, चिडेल. त्याचा चेहरा मात्र अगदी रिकामा पडला, हातातली वस्तू कोणी काढून घेतल्यासारखा. "असं नका म्हणू, सर," तो म्हणाला. "मग त्या मुलुंडवाल्याला मी कशासाठी..." आणि वाक्य तिथेच सोडून तो जिन्याकडे गेला. त्याच्या तारखा अजून चालू आहेत. सुपरवायझर आत आहे.

मला कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहण्याची शिक्षा झाली. अशी शिक्षा असते हे मी पोरांना कधी शिकवलं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं. मागच्या बाकावर बसायचं, बाहेर जायचं नाही, बोलायचं नाही. समोर दिवसभर प्रकरणं येत होती. पार्किंगवरून एकाने दुसऱ्याच्या डोक्यात पाना घातला होता. दोन सख्खे भाऊ, दोघांच्याही हाताला प्लास्टर. एका बाईने नवऱ्याच्या पायावर उकळतं पाणी ओतलं होतं आणि तो म्हणत होता की मला तक्रार करायची नाही. मॅजिस्ट्रेट बाई प्रत्येकाला नाव विचारायची, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायची, आणि बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची. एक म्हातारा फार अडखळत होता. त्याला एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असेल सांगता येत नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली.

संध्याकाळी ती उठली. सगळे उभे राहिले, मीही राहिलो. शिपाई येऊन म्हणाला, काका, झालं तुमचं, जा. खाली बायको पिशवी घेऊन बाकावर बसली होती. सकाळपासून तिथेच होती. तिने डबा आणला होता, पण आता जेवायची वेळ उलटून गेली होती. आम्ही रिक्षा शोधत रस्त्यावर आलो.